फालेझ म्हणजे कडा

"फ्रान्समध्ये कुठं असता तुम्ही?"

"काँ."

"का म्हणजे काय, सहज विचारलं."

कोल्हापुरातल्या निदान दहा नातेवाइकांशी माझा हा संवाद झाला असेल. आमच्या गावाचं नाव लिहायला चार अक्षरं लागतात, बोलायला एकच, आणि तेही नाकातून काढावं लागतं. सिनेमाचा महोत्सव भरतो ते कान वेगळं. ते दक्षिणेला, उन्हातलं, पैसेवाल्यांचं. आमचं नाकातलं काँ उत्तरेला नॉर्मंडीत. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने हप्त्याहप्त्यानं येतो. नवरा इथल्या गानिल प्रयोगशाळेत अणुकेंद्रांवर कसलेकसले प्रयोग करतो, म्हणून आम्ही इथं. त्याच्या प्रयोगांबद्दल मला विचारू नका, मी एकदा विचारलं होतं आणि भाजी करपली.

देशातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस मों-सें-मिशेल, एक दिवस ६ जून १९४४ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं ते किनारे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी "पॅरिसची गाडी कितीला आहे?" फालेझला यायला कुणी तयार नसतं. "तिथं काय आहे?" म्हणतात. किल्ला आहे म्हटलं की "किल्ले आपल्याकडं काय कमी आहेत का!" हेही खरंच. पण मी तिथं आत्तापर्यंत चारदा जाऊन आले, त्यातली तीनदा एकटी. गेल्या सप्टेंबरातल्या फेरीबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

फालेझला रेल्वे जात नाही, नोमादची बस जाते. रस्ता साधारण ३५ किलोमीटरचा आणि पट्टी लावून आखल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना गहू, बीट आणि जवस. जवसाची आपण चटणी करतो, इथं त्याच्या काड्यांपासून लिननचा धागा काढतात. शेतं इतकी सपाट आणि उघडी की मैलभर लांबचा ट्रॅक्टरसुद्धा दिसतो. पहिल्या वेळी मला हे दृश्य छान वाटलं होतं. नंतर वाचलं की या उघडेपणानंच माणसं मेली. ७ ऑगस्ट १९४४च्या रात्री कॅनडाच्या सैन्यानं याच रस्त्याच्या दोन्ही अंगांनी चढाई सुरू केली आणि फालेझच्या वेशीत त्यांचे पाय लागले १६ ऑगस्टला. आमची बस पाऊण तासात पोचवते, त्यांना नऊ दिवस लागले. वाटेत डाव्या-उजव्या हाताला मृतांच्या पाट्या लागतात. सँतोच्या कॅनडियन स्मशानभूमीत जवळपास ३,००० थडगी आहेत. तिथून थोडं पुढं, लांगानरीला, पोलंडच्या सैनिकांची. ती पाटी मी दर वेळी बसच्या खिडकीतून बघायची आणि 'परतताना उतरू' म्हणायची. या वेळी उतरले. पण ते नंतर.

'फालेझ' या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ कडा. खाली आँत नावाचा ओढ्यापेक्षा जरा मोठा प्रवाह, वर खडकाचा सुळका, आणि सुळक्यावर किल्ला. आपल्या डोळ्यांना तो चिमुकला वाटतो. माझं लहानपण पन्हाळ्याच्या वाऱ्या करण्यात गेलं. तट म्हटलं की कोस-दीड कोस चालत राहायचं ही माझी सवय. इथं तटाच्या आतल्या मोकळ्या जागेत दहा मिनिटांत फेरी पुरी होते. पण बालेकिल्ला म्हणाल तर तो मात्र आपल्या कुठल्याही बालेकिल्ल्याहून भारी. एकाला एक चिकटलेले तीन बुरूज. पहिला मोठा, चौकोनी, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री यानं ११२३च्या सुमारास बांधलेला. त्याला लागून दुसरा लहान, तो त्याचा नातू दुसऱ्या हेन्रीच्या काळातला. आणि तिसरा गोल, उंच, ३५ मीटरचा. तो फ्रान्सच्या राजानं बांधला, कारण १२०४मध्ये फिलिप ऑग्युस्तनं नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाकडून हिसकावून घेतली. म्हणजे दोन शत्रूंच्या बुरुजांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावलेला. गोल बुरुजाचं नाव मात्र टॅल्बट, पुढं पंधराव्या शतकात इंग्रजांनी गाव परत घेतलं तेव्हाच्या इंग्रज सरदाराचं. बांधला एकानं, पाटी दुसऱ्याच्या नावाची. हे काही आपल्याला नवीन नाही.

या किल्ल्याला जग ओळखतं ते विल्यमसाठी. १०६६मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकणारा विल्यम, फ्रेंचमध्ये गियोम, इथं १०२७ किंवा १०२८मध्ये जन्मला. बाप रोबेर, नॉर्मंडीचा ड्यूक. आई आर्लेत, गावातल्या कातडी कमावणाऱ्याची मुलगी. लग्न झालेलं नव्हतं. गोष्ट अशी सांगतात की आर्लेत खाली झऱ्यावर कपडे धूत होती, रोबेरनं तिला किल्ल्याच्या खिडकीतून पाहिलं आणि तो वेडा झाला. झरा अजून आहे. खिडकीही दाखवतात. मी दोन्हींचे फोटो काढले, बहिणीला पाठवले, आणि मग जिन्यात उभी राहून हिशेब केला. हा बुरूज ११२३चा. रोबेर १०३५मध्ये जेरुसलेमच्या यात्रेवरून परतताना वाटेतच वारला. म्हणजे ज्या भिंतीतल्या खिडकीतून त्यानं तिला पाहिलं, ती भिंत त्याच्या मरणानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी उभी राहिली. प्रेम आंधळं असतं हे ऐकून होते, त्याला इतकं पुढचं दिसतं हे फालेझला कळलं. बहिणीला मात्र कळवलं नाही, तिनं फोटो स्टेटसला ठेवून झाला होता.

त्या गोष्टीतला गोड भाग सगळे सांगतात, आंबट भाग कमी. विल्यम सात-आठ वर्षांचा असताना बाप गेला आणि पोर ड्यूक झालं. त्याच्या पालकांचे एकामागून एक खून झाले. अनौरस म्हणून लोक हिणवत. साधारण १०५१च्या सुमारास तो आलाँसाँला वेढा घालायला गेला, तर तिथल्या लोकांनी तटावरून कातडी लोंबत सोडली आणि ती बडवून त्याला त्याच्या आजोळच्या धंद्यावरून चिडवलं. कमावलेल्या कातड्याच्या वासावरून माणसाला खाली बघायला लावणारा हा टोमणा मराठी वाचकाला वेगळी फोड करून सांगायला नको. विल्यमनं हाती लागलेल्या त्या माणसांचे हात-पाय तोडले, असं जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. गावाच्या चौकात, नगरपालिकेसमोर, त्याचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा आहे, १८५१चा. घोडा मागच्या दोन पायांवर उठलेला, हातात निशाण. कोल्हापूरकरांना चौकातल्या अश्वारूढ पुतळ्याचं काय सांगायचं! मला त्या चौकात उगीच घरच्यासारखं वाटतं.

आता काँक्रीटबद्दल.

बालेकिल्ल्यात शिरायला जो पुढचा भाग आहे, तो मध्ययुगात होता तेव्हा दगडाचा होता. तो कधीच ढासळून गेलेला. १९८६ ते १९९७ या काळात ब्रुनो देकारिस या वास्तुविशारदानं किल्ल्याची डागडुजी केली, आणि त्या जागी जुन्यासारखा दगडी भाग न बांधता करड्या काँक्रीटचा एक सरळसोट ठोकळा उभा केला. पोलाद, काच, काँक्रीट, काहीही लपवलेलं नाही. गावात त्यावरून भांडणं झाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गावकऱ्यांच्या बाजूला होते. वाटलं, किल्ल्याच्या तोंडावर कुणीतरी पाण्याची टाकी बांधली आहे. गडावर सिमेंटचा एक गोळा दिसला तरी आमच्या ग्रुपवर दोन दिवस आग लागलेली असते, आणि त्या आगीत तेल ओतणाऱ्यांत मी पुढं असते. चुना मळावा, त्यात गूळ आणि बेलफळ घालावं, चिरा जुन्यासारखा घडवून बसवावा, ही आमची शिकवण.

पण चौथ्या फेरीपर्यंत माझं मत डळमळलं. झालं असं की त्या ठोकळ्यातून आत जाताना मी सहज भिंतीला हात लावला. एका बोटाखाली काँक्रीट, गार आणि गुळगुळीत, त्यात फळ्यांच्या साच्याची रेघ उमटलेली. शेजारच्या बोटाखाली नऊशे वर्षांचा दगड, खरबरीत, कडा झिजलेला. दोघांच्या मध्ये सांधा, आणि सांध्यावर काहीही फासलेलं नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेत एक कलम आहे : जुन्या वास्तूत हरवलेल्या भागाच्या जागी जे बसवाल ते मूळाशी जुळावं, पण मूळापासून वेगळंही ओळखू यावं. हे मी वाचलेलं होतं आणि 'सरकारी वाक्य' म्हणून सोडून दिलेलं होतं. इथं ते बोटांना लागलं. पुढच्या वेळी कुणी आईबरोबर आलेलं पोर या बुरुजात शिरलं तर त्याला विचारावं लागत नाही की यातलं खरं कोणतं. गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळाही आहे. आता तिथं कामं निघतील, पैसा येईल. जुन्यासारखं दिसणारं नवं बांधायचा मोह होईल. मला अजूनही तो ठोकळा देखणा वाटत नाही, हे सांगून टाकते. दगडाचा नाटकी मुखवटा मात्र त्याहून वाईट दिसला असता.

आत खोल्या रिकाम्या आहेत. हातात एक टॅब देतात. तो भिंतीसमोर धरला की पडद्यावर पलंग, पेट्या, शेगडी, रंगीत पडदे उगवतात. माझ्या शेजारी एक आजोबा टॅब उलटा धरून छत बघत होते आणि खूश होते. मी काही सांगितलं नाही.

गावात आणखीही गमती आहेत. पॅरिसच्या मोठ्या दुकानांच्या नाताळच्या काचांमागं पूर्वी हलत्या बाहुल्या असायच्या, १९२० ते १९५०च्या दशकांतल्या त्या बाहुल्यांचं इथं संग्रहालय आहे. मुलं असतील तर किल्ल्याआधी तिथंच न्या, नाहीतर किल्ला नीट बघू देणार नाहीत. आणि १३८६ सालचा डुकरिणीचा खटला. एका डुकरिणीनं तान्ह्या मुलाला मारलं म्हणून फालेझच्या कोर्टात तिच्यावर रीतसर खटला चालला आणि तिला फाशी झाली. तिला माणसाचे कपडे घातले होते असंही सांगतात. जल्लादाची मजुरीची पावती इतिहासात टिकली : दहा सू, दहा दनिए, आणि एक नवा हातमोजा. मला त्या हातमोज्याचं फार वाटतं. काम एवढं किळसवाणं होतं की जुना त्यानं टाकून दिला असेल.

चौकात बसून कॉफी घेताना आजूबाजूला पाहिलं की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. किल्ला नऊशे वर्षांचा, चर्च जुनं, पुतळा दीडशेच्या पुढचा, आणि बाकीचं सगळं गाव साधारण माझ्या वडलांच्या वयाचं. पिवळसर दगडाच्या एकसारख्या दुमजली-तिमजली इमारती, सरळ रस्ते, खिडक्यांची एकच मापं. काँमध्येही निम्मं शहर असंच आहे. इथं त्याला पुनर्बांधणीचा काळ म्हणतात, आणि कुठलंही घर दाखवताना एजंट 'युद्धाआधीचं' की 'नंतरचं' हे पहिल्यांदा सांगतो. फालेझचा जवळपास दोन तृतीयांश भाग १९४४मध्ये जमीनदोस्त झाला.

कुणी केला? हा प्रश्न मला कितीतरी दिवस पडलाच नव्हता. जर्मनांनी, असं डोक्यात पक्कं. खरं असं की बहुतेक बॉम्ब इंग्लंड-अमेरिकेच्या विमानांनी टाकले. ६ जूनला सैन्य किनाऱ्यावर उतरलं, आणि जर्मनांची कुमक तिथवर पोचू नये म्हणून मागच्या गावांतले रस्ते-चौक बंद करायचं ठरलं. रस्ता बंद करायची पद्धत म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंची घरं रस्त्यावर पाडायची. त्या रात्री आणि पुढं काँ, लिझ्यो, सें-लो, आर्जाँताँ, फालेझ अशी गावंच्या गावं पडली. आधी पत्रकं टाकली होती, 'गाव सोडा' म्हणून. कितीतरी वाऱ्यानं भलतीकडं गेली. नॉर्मंडीच्या लढाईत सुमारे २०,००० नागरिक मेले. सोडवायला आलेल्यांच्या हातून मेलेल्यांचा शोक कसा करायचा, याला इथं कित्येक दशकं शब्दच नव्हते. दरवर्षी ६ जूनला सैनिकांची भाषणं व्हायची, घरातल्या मेलेल्यांबद्दल घरातच बोलायचं. २०१४मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी काँमध्ये या नागरिकांना जाहीर मानवंदना दिली, तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.

२०१६मध्ये फालेझला किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, युद्धातल्या नागरिकांचं स्मारक-संग्रहालय उघडलं. तोफा-रणगाडे बघायची हौस असलेल्यांनी इकडं येऊ नये. इथं रेशनकार्डं आहेत, लाकडी तळव्यांचे बूट आहेत, कारण चामडं मिळत नव्हतं. एका खोलीत बॉम्बनं पडलेल्या घराचे खरे अवशेष जागच्या जागी ठेवलेत, तुम्ही त्यांच्याभोवती उभे राहता आणि त्यांवरच चित्रफीत पडते. विमानांचा आवाज सुरू झाला तसा माझ्या पुढच्या बाकावरचा एक बाप पोराला घेऊन बाहेर गेला. मी बसले, पण शेवटपर्यंत पडद्याकडं बघितलं नाही. खाली विटांत अडकलेला एक वाकलेला लोखंडी तुकडा होता, कसला ते कळेना, त्याच्याकडंच बघत राहिले.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मादाम राहतात, वय ८८. माहेर फालेझजवळच्या एका खेड्यातलं. इथं शेजारधर्म सावकाश उकळतो. पहिलं वर्ष आम्ही जिन्यात 'बोंजूर'च्या पुढं गेलो नाही. दिवाळीला मी चकल्या नेऊन दिल्या तेव्हा बर्फ वितळला, आणि नाताळानंतर एक दिवस त्या हातात मातीचं भांडं घेऊन वर आल्या. आत तर्गूल. नॉर्मंडीची ही खास खीर : दूध, तांदूळ, साखर, दालचिनी, बस्स. भांडं मंद भट्टीत चार-पाच तास ठेवतात, ढवळत नाहीत. वर तपकिरी, जाड साय धरते, खाली भात विरघळून जातो. नावाचा अर्थ म्हणे 'तोंड वाकडं करणारी'. मी सायीखाली चमचा घातला, खाल्लं, आणि तोंडातून मराठीतच निघालं, "अगंबाई, ही तर आपली खीर!" पुढच्या आठवड्यात मी त्यांना वेलदोडे घातलेली तांदळाची खीर दिली. त्यांनी भांडं सभ्यपणे रिकामं करून परत दिलं आणि म्हणाल्या, चव चांगली आहे, पण शिजायच्या आधीच उतरवलीस.

तर या मादाम १९४४मध्ये सात वर्षांच्या होत्या. मी फालेझला जाऊन आले म्हटल्यावर त्यांनी किल्ल्याबद्दल अक्षर विचारलं नाही. स्मारक बघितलं का, एवढंच. मग खुर्चीत बसून सांगू लागल्या. जुलैच्या शेवटी जर्मनांनी गाव रिकामं करायला लावलं. आजोबा, आई, त्या आणि धाकटा भाऊ दक्षिणेकडं चालत निघाले, हातगाडीवर गाद्या, मागं दोरीला गाय. गाय सोडून यायला आजोबा तयारच झाले नाहीत. रोज पहाटे रस्त्याच्या कडेला तिची धार काढायची आणि ते कोमट दूध हेच दिवसाचं जेवण. विमान आलं की सगळे चरात, गाय रस्त्यावर. गायीचं नाव त्यांना आठवतं. भाऊ तेव्हा तीन वर्षांचा की चार हे आठवत नाही. महिन्याभरानं परतल्यावर घराची एक भिंत उभी होती, आणि गावात राहिलेला काका ढिगाऱ्याखाली सापडला.

"सैनिक आले तेव्हा आजोबांनी पुरून ठेवलेली सिडरची, सफरचंदाच्या दारूची, बाटली काढली," त्या म्हणाल्या. "त्यांनी प्यायली. आम्हाला चॉकलेट दिलं. आई आत जाऊन बसली."

आई रागावली होती का, असं मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले, फ्रेंच लोक उडवतात तसे. मग म्हणाल्या, चॉकलेट मात्र मी खाल्लं.

फालेझमध्ये शिरलेले सैनिक कॅनडाचे. मुलींच्या शाळेत लपून शेवटपर्यंत लढणाऱ्या कोवळ्या, विशी न ओलांडलेल्या, हिटलरच्या एसएस दलातल्या पोरांना निपटायचं काम मॉन्ट्रियलच्या फ्रेंच बोलणाऱ्या पलटणीकडं आलं. तीनेकशे वर्षांपूर्वी ज्यांचे पूर्वज याच किनाऱ्यांवरून बोटींत बसून गेले, त्यांतले काही परत आले ते असे. १८ ऑगस्टला गाव शांत झालं. पण खरी कत्तल अजून गावाच्या आग्नेयेला चालू होती. उत्तरेकडून कॅनडियन आणि पोलिश, दक्षिणेकडून आर्जाँताँच्या बाजूनं अमेरिकन, आणि मध्ये पिशवीत सापडावी तशी लाखभर जर्मन फौज. पिशवीचं तोंड दीव नदीच्या खोऱ्यात, आणि ते आवळत आवळत २१ ऑगस्टला पूर्ण बंद झालं. अंदाजे १०,००० जर्मन मेले, ४०-५० हजार कैद झाले, बाकीचे निसटले. जर्मनांची बरीचशी वाहतूक घोड्यांवर होती, हे आपण सिनेमे बघून विसरतो. अरुंद बोळवाटांमध्ये हजारो घोडी जुंपलेल्या गाड्यांसकट मेली. वरून जाणाऱ्या वैमानिकांना विमानात वास यायचा. नदीचं पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही. आणि फालेझचं गिब्रे हे उपनगर शतकानुशतकं कशासाठी प्रसिद्ध होतं तर ऑगस्टातल्या घोडेबाजारासाठी. सारंगखेड्यासारखा, आणि त्याहून मोठ्या बोलबाल्याचा.

पिशवीच्या तोंडाशी माँ-ऑर्मेलची टेकडी आहे. १९ ऑगस्टपासून तीन दिवस तिथं पोलिश चिलखती डिव्हिजनची माणसं चारी बाजूंनी वेढली गेली, दारूगोळा संपत आलेला, तरी हटली नाहीत. नकाशावर त्या टेकडीचा आकार सोट्यासारखा दिसतो म्हणून त्यांनी तिचं नाव माचुगा ठेवलं, म्हणजे गदा. त्यांचा सेनापती जनरल माचेक. युद्ध जिंकल्यावर पोलंड रशियाच्या पंखाखाली गेलं, नव्या सरकारनं माचेकचं नागरिकत्व काढून घेतलं, आणि या माणसानं पुढं एडिनबर्गच्या एका हॉटेलात दारूच्या काउंटरमागं उभं राहून पोट भरलं.

हे सगळं वाचताना मला सारखं काहीतरी टोचत होतं. ते काय, हे त्या सप्टेंबरच्या दुपारी लांगानरीला उतरल्यावर कळलं.

बसनं धूळ उडवली आणि गेली. पुढची दोन तासांनी. हातात फालेझच्या बाजारात घेतलेली सफरचंदांची पिशवी. स्मशानभूमीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. गवत नेमकं कापलेलं, क्रॉसांच्या रांगा, जवळपास ७०० थडगी. नावांवरून नजर फिरवत चालले होते, उच्चार करता येत नव्हते, आणि अचानक आठवलं की अशी नावं मी आधी वाचली आहेत. कोल्हापुरात. महावीर उद्यानातल्या पोलंडवाल्यांच्या स्तंभापाशी, शाळेच्या सहलीत, डबा खाताना.

कोल्हापूरकरांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. १९४० साली रशियानं पूर्व पोलंडातली लाखो माणसं उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकली. पुढं सुटका झाल्यावर पुरुष पोलिश सैन्यात गेले, आणि बायका, मुलं, म्हातारी माणसं इराणमार्गे जिथं आसरा मिळेल तिथं. त्यातली सुमारे ५,००० माणसं १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ आमच्या वळिवड्याला छावणीत राहिली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं तिथं. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी उतरले आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाचा बस्ता गांधीनगरला बांधलाय. आजी सांगायची, पोलंडच्या बायका टांग्यातून गावात यायच्या आणि भाजीवालीशी 'कमी कर, कमी कर' म्हणून घासाघीस करायच्या. माचेकच्या सैन्याचा गाभा स्कॉटलंडमध्ये तयार झाला, पण रशियातून सुटून आलेलेही काही त्यात भरती झाले होते. मंडईत घासाघीस करणाऱ्या एखादीचा भाऊ इथं, या रांगेत असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता. अशी चौकशी कुठं करतात तेही मला माहीत नाही.

तेवढ्यात आईचा फोन. तिकडं रात्रीचे आठ वाजून गेले असणार, मागं मालिकेचा आवाज.

"कुठं आहेस गं? वाऱ्याचा आवाज येतोय."

"स्मशानात."

"तिन्हीसांजेची?"

"इथं दुपार आहे, आई. पोलंडच्या सैनिकांचं आहे स्मशान."

मालिकेचा आवाज बंद झाला. "आपल्या वळिवड्याचे पोलंडवाले?"

"त्यांचेच भाऊबंद."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोकळ्या हातानं गेलीस की काय?"

मी पिशवीकडं बघितलं. सगळ्यात पहिल्या रांगेच्या टोकाला, नाव मला वाचता न येणाऱ्या एकाच्या क्रॉसपाशी दोन सफरचंदं ठेवली, आणि बसथांब्याकडं निघाले.